आमवातात तेल चोळल्यावर जडपणा का वाढतो?

प्रश्न: बोटं आणि मनगटं सुजलेली, सकाळी तासभर आखडलेली, आरए फॅक्टर (आमवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिसची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह. महानारायण तेल लावलं की जडपणा वाढतो. मग शेक कशाचा द्यावा?

उत्तर १: तेल वाईट नाही, जागा चुकली. झिजेमुळे गुडघा कटकटतो तिथे तेल हवंच. आमवातात मात्र आम (आयुर्वेदानुसार नीट न पचलेल्या अन्नाचा चिकट अंश) पचेपर्यंत स्निग्ध काही नको, शेक कोरडाच, म्हणजे वालुका स्वेद, वाळूचा शेक. जाड वाळू धुऊन उन्हात खडखडीत वाळवा, लोखंडी कढईत तापवा आणि सुती कापडात दोन पुरचुंड्या बांधा. एकीने शेकायचं, तोवर दुसरी तव्यावर. आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून बघा. १०-१५ मिनिटं पुरे. वाळूत ओल राहिली तर वाफेने भाजतं. मधुमेहामुळे हातपाय बधिर असतील किंवा सांधा लालबुंद, गरम असेल तर शेक नकोच.

उत्तर २: नुसत्या शेकाने भागत नाही, पोट सांभाळा. पाव चमचा सुंठ दोन कप पाण्यात उकळून एक कप करा, कोमट घोट घोट प्या. आम्लपित्त असेल तर हे सोसत नाही. दही, उडीद, दुपारची झोप बंद. एरंडेल वैद्यांना विचारूनच. गरोदरपणात अजिबात नाही.

उत्तर ३: कळकळीने सांगतो, मेथोट्रेक्सेट (आमवातावरचं डॉक्टरी औषध) चालू असेल तर मनाने थांबवू नका. दुखणं कमी झालं तरी आत सांधा खराब होत राहू शकतो. ईएसआर, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) तपासत राहा. आणि दोन दिवसांत आराम देणाऱ्या बिनलेबलच्या पुड्या घेऊ नका, त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं.