कॉलेजच्या कॅन्टीनचा कचरा मुलांनीच जिरवायचा का?

परळकर (धागाकर्ता)

पाच जूनला, पर्यावरण दिनी, रोप लावायचं. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून चौपाटीवर जायचं, फोटो काढायचा आणि तो नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणारी संस्था) सातव्या निकषाच्या फायलीत लावायचा. मुंबईतल्या बहुतेक कॉलेजांचं पर्यावरण इथे संपतं. उरलेलं वर्गात: अन्नसाखळी, ओझोनचा थर, आदल्या रात्री उतरवून काढलेलं प्रोजेक्ट. पर्यावरण सक्तीने शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात १९९१ साली सांगितलं. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) आता पदवीला त्याचे ४ क्रेडिटही ठेवलेत. तरी ज्या पोराला ते पूर्ण मार्क मिळतात, त्याला आपल्या कॅन्टीनचा कचरा संध्याकाळी कुठे जातो ते ठाऊक नसतं. तो कांजूरच्या डम्पिंगला जातो, पूर्वी देवनारला जायचा. देवनारचं डम्पिंग १९२७ पासूनचं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. हे क्रेडिट पुस्तकातून काढा आणि आवारात आणा. प्रत्येकाने एक सत्र कॅन्टीनच्या ओल्या कचऱ्याचं खत करण्यात, पाण्याच्या मीटरवर किंवा वीजबिलावर घालवायचं. लेखी परीक्षा नको. ढीग तापला की पास. नीट लावलेला ढीग काही दिवसांत आतून ५५-६० अंशांपर्यंत जातो. तापला नाही तर पाणी जास्त झालं असेल, नाहीतर ढीगच लहान असेल. घाण वास सुटला तर हवा खेळत नाहीये, सुका पाला घाला. कार्बन-नायट्रोजनचं ३०:१ हे प्रमाण फळ्यावरून वहीत उतरवलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही. नाकाने शिकलेलं राहतं.

यात क्रांतिकारक काही नाही. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संस्थांनी कचरा वेगळा करावा आणि ओला शक्यतो आवारातच जिरवावा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांतच आलं होतं.

७:५२ अंबरनाथ

पूर्ण असहमत. सकाळचं कॉलेज करणाऱ्यांचा विचार केलाय का? साडेअकराला लेक्चर सुटलं की आमचा अर्धा वर्ग कामावर पळतो. कोणी मॉलमध्ये, कोणी कॉल सेंटरला, कोणी बापाच्या गाडीवर. येऊन-जाऊन तीन तास ट्रेनमध्ये लटकायचं आणि वर ढीग परतायचा? ही थेरं हॉस्टेलवाल्या, हिरव्यागार कॅम्पसवाल्यांना शोभतात. आमच्या कॉलेजला आवार म्हणजे सरांच्या गाड्या लावायची जागा.

परळकर

कामाच्या वेळेनंतर करा असं कुठे म्हटलंय? आज पर्यावरणाच्या तासाला जेवढा वेळ टाइमटेबलमध्ये आहे, तोच वापरायचा. त्या तासाला तुम्ही तसेही कॅन्टीनमध्येच असता :)

बिलवाचक

वीजपुरवठ्यात नोकरी झाली, म्हणून थोडं आकड्यांत बोलतो. मुंबईचा हवामान कृती आराखडा २०२२ साली आला. त्यात शहराच्या उत्सर्जनात ऊर्जेचा वाटा सुमारे ७० टक्के आणि कचऱ्याचा १० टक्क्यांच्या आत आहे. मग सगळा जीव खताच्या ढिगात का अडकलाय? दिसतो म्हणून. वीज दिसत नाही.

दीड टनाचा एसी जोरात चालला की तासाला साधारण दीड युनिट खातो. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. रिकाम्या सेमिनार हॉलमध्ये चार एसी दोन तास चालले की १२ युनिट, म्हणजे आठ किलोच्या वर. डहाणूला कोळसा जळतो तेव्हा इथे हॉल गार होतो, ही साखळी मुलाला स्वतः मांडता आली पाहिजे. मंजूर भार किती, प्रत्यक्ष मागणी किती चढते, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती प्रत्यक्ष कामी येते) घसरला म्हणून दंड बसतो का. कॉलेजचं बिल मुलांच्या हातात द्या. कॉमर्सच्या पोरांना तर हा हक्काचा विषय आहे. (बिल मागून बघा. लेखापाल असा चेहरा करतो की जणू त्याची पगाराची स्लिप मागितली.)

ग्रीन ऑडिट (कॉलेजच्या वीज-पाणी-कचऱ्याची तपासणी) आजकाल बाहेरच्या एजन्सीला देतात. छान गुळगुळीत कागदावर अहवाल येतो. ज्यांनी करायला हवं, त्यांनी तो उघडलेलाही नसतो.

चेंबूरची

माझे बाबा महापालिकेत मोटर लोडर आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कचऱ्याच्या गाडीवर डबे चढवणारे. या धाग्यावर एकाही प्रतिसादात कचरा आज कोण उचलतं हा प्रश्न आलेला नाही. आधी तो.

कॉलेजात कचरा वेगळा करणाऱ्या मावश्या कंत्राटी असतात. मुलं फुकट राबायला लागली की कंत्राटदार दोन मावश्या कमी करणार, हे लिहून घ्या. दुसरं, परळकर, तुमच्या मुलाने कचऱ्यात हात घातला तर तो पर्यावरणप्रेमी. माझ्या भावाने घातला तर लोक म्हणतात, यांचं घरचंच काम आहे. वर्गात नावं पुकारून गट पाडणार, तेव्हा आडनावं ऐकू येणारच आहेत. आजीपासून आमच्या घरात हे काम चालू आहे. त्याचे क्रेडिट मागच्या तारखेने मिळतील का?

शिकायचंच असेल तर ज्यांना येतं त्यांच्याकडून शिका. स्त्री मुक्ती संघटनेच्या परिसर भगिनी, म्हणजे कचरावेचक बायका, कित्येक वर्षं हे काम करतात. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्र) डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला निसर्गऋण बायोगॅस प्रकल्प त्या चालवतात. आधी ओल्या कचऱ्याचा लगदा, मग गरम पाण्याच्या टाकीत हवेवर पचवणं, मग हवाबंद टाकीत गॅस. लिंबाची सालं आणि नारळाच्या करवंट्या आधी बाजूला काढाव्या लागतात, हे कुठल्या पीएचडीला माहीत असतं? त्यांना अभ्यागत व्याख्याता म्हणून बोलवा, व्याख्यात्याचंच मानधन द्या. ते जमत नसेल तर हा सगळा खेळ आहे.

७:५२ अंबरनाथ

+१. याला म्हणतात मुद्दा.

एनएसएसवाली

एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) १९६९ पासून आहे, वर्षाला १२० तास. त्यामुळे "हाताने करा" हा शोध काही नवा नाही. कार्यक्रम अधिकारी म्हणून दोनच गोष्टी सांगते.

किनारा सफाईला सरसकट नावं ठेवू नका. वर्सोव्यात अफरोज शाह यांनी २०१५ मध्ये सुरुवात केली आणि लोक आठवड्यामागून आठवडे येत राहिले. २०१८ साली त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघाली. दोष किनाऱ्याचा नाही, एकदाच जाण्याचा आहे.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. मुंबईत पाला पडतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, तेव्हा मुलं परीक्षेत. कॅन्टीन जोरात चालतं जून-जुलैत, तेव्हा पाऊस. म्हणजे सुका पाला मार्चमध्ये पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवावा लागतो, नाहीतर पावसाळ्यात ढिगाचा चिखल होतो आणि अळ्या थेट स्टाफरूमच्या खिडकीपर्यंत येतात. मग प्राचार्य एका फोनवर प्रकल्प बंद करतात. मे महिन्यात कॉलेजला सुट्टी, जिवाणूंना नाही. तेव्हा ढीग कोण परततो? शिपाई. त्याला क्रेडिट नाही आणि ओव्हरटाइमही नाही. सत्रावर आखलेला कुठलाही अभ्यासक्रम इथेच आपटतो.

वडाची साल

कायद्याचा विद्यार्थी आहे. मला हा अख्खा वाद लहान वाटतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठीच्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत करवती चालल्या. सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं गेली. अटक झालेल्यांत विद्यार्थीही होते. त्यांना कुठल्या कॉलेजने क्रेडिट दिले? ढीग परतणारा विद्यार्थी सगळ्यांना हवा असतो, प्रश्न विचारणारा नको असतो. म्हणून तर ढीग मंजूर होतो.

झाड तोडायच्या आधी त्यावर नोटीस चिकटवतात. १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे हरकतीला सात दिवस मिळतात. ती नोटीस वाचून मुद्देसूद हरकत लिहिणं, सुनावणीला जाऊन बोलणं, हे प्रात्यक्षिक नाही का? विद्यापीठाचा कालिना कॅम्पस मिठी नदीच्या कुशीत आहे. २६ जुलै २००५ ला शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तिथल्या मुलाला मिठीच्या पूररेषेचा नकाशा वाचता यायला हवा, की केळ्याच्या साली मोजता?

परळकर

@वडाची साल, दोन्ही. पण नकाशा वाचणारे तुमच्यासारखे वर्गात चार असतात, साल टाकणारे सगळेच असतात. सगळ्यांना लागू होईल असं काहीतरी हवं.

@चेंबूरची, व्याख्यात्याचं मानधन, पूर्ण मान्य. कंत्राटी जागा कमी करणार नाही असं आधी लेखी घ्यावं, हेही मान्य. पण मुलांना त्या कामापासून लांब ठेवलं तर ते काम कायम ठरावीक घरांतच राहणार, हे तुम्हाला चालेल? सगळ्यांनी केलं तरच आडनाव सुटेल.

चेंबूरची

सगळ्यांनी म्हणजे कोणी? तुमच्या प्रस्तावात फक्त विद्यार्थी आहेत. एचओडी (विभागप्रमुख), प्राचार्य, ट्रस्टी कुठेच दिसले नाहीत. रोस्टर लावा, पहिल्या आठवड्यात प्राचार्यांचं नाव लिहा आणि ते फोटोग्राफरशिवाय येतात का बघा. आले तर माझा विरोध मागे.

बिलवाचक

आणि त्यांच्या केबिनचा एसी तेवढा वेळ बंद ठेवा.

एनएसएसवाली

रोस्टरचा कागद मी करून देते, सही कोणाची घ्यायची ते परळकर ठरवतील. मे महिन्याचे चार रकाने मात्र अजून रिकामे आहेत. तिथे शिपायाचं नाव मी लिहिणार नाही.