एका शनिवार-रविवारी तीन घोडे, स्वार एकच: इव्हेंटिंगचं वेळापत्रक कसं बसवायचं?

तापीकाठचा_स्वार
राम राम मंडळी. शहाद्याहून पुण्याकडच्या दोन दिवसांच्या इव्हेंटिंगला, म्हणजे एकाच घोड्यावर तीन प्रकार करायच्या स्पर्धेला, तीन जनावरं न्यायची आहेत. स्वार मी एकटा, सोबत एक मोतद्दार. शनिवारी ड्रेसाज (ठरलेल्या चालींची परीक्षा) आणि शो जंपिंग (मैदानातल्या अडथळ्यांवरून उड्या), रविवारी क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातली अडथळ्यांची दौड): २००० मीटर, वेग मिनिटाला ४०० मीटर. एक मुरलेली थरोब्रेड घोडी, एक लगाम ओढणारा घोडा, आणि तिसरा सारंगखेड्याच्या बाजारातला मारवाडी, रेवाल या जलद, मऊ चालीत तयार झालेला, क्रॉस-कंट्रीला नवखा. तिघंही एकाच गटात. क्रम काय मागू आणि दोन घोड्यांत किती वेळ ठेवू?

शिरपूरकर
क्रम आयोजकच लावतात, पण नोंदणीच्या वेळीच "स्वार एक, घोडे तीन" असं लेखी कळवा. एकदा यादी लागली की कुणी हलवत नाही.

क्रॉस-कंट्रीला घोडी आधी. कुठे जमीन निसरडी, कुठल्या अडथळ्यावर सावली पडते, हे तिच्यावरून कळतं. ओढणारा मधे. तो शेवटी ठेवला तर तुमचे दंड आणि पाठ थकलेली असतात, आणि तेव्हाच तो हाताबाहेर जातो. मारवाडी शेवटी.

वेळेचं गणित उलटीकडून मांडा. घोडी ९ ला सुटली तर ९:०५ ला परत. तिला थंड करायला २५ मिनिटं, तोवर मोतद्दार अडकलेला. ९:३० ला तो मोकळा, खोगीर-लगाम चढवून ९:४५. मग २० ते २५ मिनिटं अंग मोकळं करणं, साहित्य तपासणी, आणि १०:१५ ला सुटणं. म्हणजे अंतर ७५ मिनिटांचं. दोन माणसं असतील तर हेच ४५ मिनिटांत बसतं. अडचण घोड्यांची नसते, हातांची असते. एखादा हुशार पोरगा दोन दिवसांसाठी सोबत घ्या.

कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा मार्ग, पायी चालून बघताना प्रत्येक ४०० मीटरला खूण लक्षात ठेवा, झाड, खांब, काहीही. घोडीवर १ मिनिटाला पहिली खूण गाठायची. मारवाड्यावर घड्याळ बघूच नका. ठरल्या वेळेनंतर सेकंदाला ०.४ गुण दंड, म्हणजे ५० सेकंद उशीर झाला तर २०. एकदा अडला तरी २०, त्याच अडथळ्यावर पुन्हा अडला तर आणखी ४०. नवख्याला घाई करून अडवण्यापेक्षा हळू नेणं स्वस्त पडतं. फक्त ठरलेल्या वेळेच्या दुपटीच्या पुढे जाऊ नका, बाद होतो.

नालबंद_दोंडाईचा
वरच्या २५ मिनिटांत मोतद्दाराने काय करायचं ते सांगतो, कारण गडबड इथेच होते. उतरल्याबरोबर तंग आणि नाकपट्टी ढिली. मग घोडा सावलीत, पाणी मान, छाती, पोट, मांड्या, सगळीकडे सतत ओतायचं. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की अंग आखडतं, ही आपल्याकडची समजूत सोडा. पाणी निथळवत बसण्यापेक्षा पुढची बादली ओता. अधूनमधून फिरवा, प्यायला मागेल तेव्हा द्या. २० लिटरच्या सहा-सात बादल्या आधीच भरलेल्या हव्यात, प्रत्येक घोड्याच्या वेगळ्या.

जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून १५ सेकंद ठोके मोजा. १६ पेक्षा कमी आले म्हणजे नाडी ६४ च्या खाली. १५ मिनिटांत तिथे आली नाही, किंवा श्वास उथळ आणि भरभर चालू राहिला, तर पशुवैद्याला बोलवा, पुढच्या घोड्याची घाई नंतर.

नाल एक आठवडा आधी. आदल्या दिवशी ठोकली आणि खिळा जिवंत भागाजवळ गेला, तर लंगडेपणा तिथे मैदानातच कळतो.

रेवाल_की_दुडकी
मारवाड्याचं ड्रेसाज अवघड आहे, ते आधीच मान्य करा. ड्रेसाजला दोन ठोक्यांची दुडकी लागते, तिरक्या जोडीचे पाय एकत्र पडतात. रेवालीत एका बाजूचे पाय लागोपाठ पडून चार ठोके होतात, आणि परीक्षक तिथेच गुण कापतो. घोडा डोकं वर, पाठ खोलगट करून घाईत आला की रेवालीत घसरतो. म्हणून वेग कमी, मान खाली, २० मीटरचं मोठं वर्तुळ. घरी ४-५ बांबू सुमारे १.२ मीटर अंतरावर जमिनीवर टाका आणि त्यावरून दुडकीतच न्या. रेवाल चाल महिनाभर बंद, नाहीतर शरीर तिकडेच वळतं.

आणखी तीन गोष्टी. काटेरी लगाम घरीच ठेवा. ड्रेसाजला पायाला बँडेज किंवा बूट चालत नाही, वॉर्म-अपला घातलेले आत जाण्याआधी उतरवा. आणि दर घोड्याचा क्रमांक वेगळा, तो बदलायचं काम पोराला नेमून द्या. तीन घोड्यांच्या लगामांना तीन रंगांच्या चिकटपट्ट्या, पट्ट्याची भोकं खडूने खुणावलेली.

तापीकाठचा_स्वार
सगळ्यांचे आभार. पोरगा घेतो. चाऱ्याचं काय? इकडे कडबा भरपूर आहे, सध्या हिरवी ज्वारीही.

नालबंद_दोंडाईचा
भाऊ, हिरवी ज्वारी घोड्याला नकोच. तिच्याने मूत्राशय सुजतं, लघवी ठिबकते, मागचे पाय लटपटतात. नेहमी खातो तेच वाळलं गवत घरून न्या. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ८ किलो धरा, तिघांना चार दिवसांत ९६, म्हणजे १०० किलो भरा. तिथे नवा चारा घातला तर पोटशूळ. चंदी (दाणा) क्रॉस-कंट्रीच्या चार तास आधी बंद, थोडं गवत आणि पाणी चालतं.

ट्रकमध्ये दोरी इतकी सैल ठेवा की तोंड छातीखाली नेता येईल. डोकं तासन्‌तास वर बांधलेलं राहिलं की श्वासनलिकेतली घाण उतरत नाही आणि पुढे फुफ्फुसाचा ताप येतो. दर चार तासांनी थांबून पाणी दाखवा. तिथे पोचल्यावर सकाळ-संध्याकाळ तापमान घ्या. ३८.५ च्या वर गेलं तर तो घोडा मैदानात उतरवू नका.