‘सजेशन’ला ‘सूचना’ म्हणायचं का?

निशिगंध
वेदना-उपचारांवरची एक पुस्तिका मराठीत आणतेय. ‘संमोहित अवस्थेत तज्ज्ञ रुग्णाला सूचना देतात’ असं लिहून आईला वाचायला दिलं. ती म्हणाली, ‘कसल्या सूचना? उपाशीपोटी या, जुने रिपोर्ट आणा, तसल्या?’ तिथेच अडलेय. ‘हात उचला’ ही सूचना झाली. पण तज्ज्ञ म्हणतो, ‘हात हलका होतोय, आपोआप वर येतोय’, आणि आपण काही न करता हात वर गेला असं रुग्णाला खरंच जाणवतं. याला काय म्हणाल?

जुना कोशवाचक
‘सूचना’च. सूच् म्हणजे दर्शवणे, सुचवणे. फलकांवर आणि परिपत्रकांत वापरून आपणच तो शब्द हुकुमी केला. फार तर ‘सूचन’ करा. माझ्या मते खरी चूक ‘संमोहना’त आहे. मुह् म्हणजे भान हरपणे. गीतेतलं ‘क्रोधाद्भवति संमोहः’ आठवा, नाहीतर विराटपर्वातलं अर्जुनाचं संमोहनास्त्र. इथे भान हरपत नाही, उलट लक्ष एकवटतं.

मेंदूबिंदू
काका, इंग्रजीतही तीच गत आहे. मँचेस्टरचे शल्यविशारद जेम्स ब्रेड यांनी 1843च्या पुस्तकात झोपेच्या ग्रीक शब्दावरून ‘हिप्नॉटिझम’ हे नाव रूढ केलं. ही झोप नव्हे हे पटल्यावर 1847मध्ये ‘एककल्पना’ अशा अर्थाचा दुसरा शब्द सुचवला, पण पहिलाच टिकला.

शब्दप्रेमींसाठी एक प्रयोग सांगतो. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहून शाईचा रंग विचारला, तर माणूस अडखळतो, कारण वाचन थांबवता येत नाही. अमीर राझ आणि सहकाऱ्यांनी संमोहनात लोकांना सांगितलं की नंतर दिसणारी अक्षरं तुम्हाला न येणाऱ्या परक्या लिपीतली, अर्थहीन असतील. ज्यांच्यावर सजेशनचा परिणाम चटकन होतो, त्यांचं अडखळणं खूपच कमी झालं. 2005च्या त्यांच्या अभ्यासात, अशा ओढाताणीची दखल घेणाऱ्या मेंदूच्या पुढच्या सिंग्युलेट भागातली हालचालही मंदावलेली दिसली. साक्षर माणसाला घटकाभर निरक्षर करणारी गोष्ट ‘सूचना’ कशी?

देवगडची लेक
‘भारणे’ घ्या ना! आजीकडे विंचू चावला की पाणी भारून देत. भाषणाने सभा भारली जाते, तेही हेच. अस्सल मराठी आहे.

मेंदूबिंदू
ताई, शब्द सुंदर आहे, पण रुग्णाला मांत्रिक आठवेल. आधीच लोक घाबरतात की डॉक्टर आपल्याला वश करणार. सरळ ‘सजेशन’ ठेवा, दवाखान्यात तेच बोलतात.

जुना कोशवाचक
दवाखान्यात बोलतात म्हणून सगळंच ठेवायचं, तर अनुवाद कशाला करायचा?

निशिगंध
काका, मी काल वेगळंच करून पाहिलं. नाम सोडलं आणि क्रियापदांकडे वळले. ‘मी हात उचलला’ यात कर्ता मी. ‘हात वर आला’ यात कर्ता हात. ‘मला झोप आली’, ‘मला भूक लागली’, ‘मला सुचलं’ ही आपली रोजचीच रचना, त्यात मी काही करत नाही, माझ्या बाबतीत घडतं. सजेशन नेमकी याच व्याकरणात बोलते! आता ‘तज्ज्ञ मनात एक कल्पना रुजवतात’ असं लिहिलंय. आईला कळलं.

मांडवीकाठ
‘रुजवतात’ म्हटलं की पेरणारा मोठा ठरतो. आमच्या गोव्यातल्या कांदोळीत 1756 साली जन्मलेले, संमोहनाचे प्रयोग करणारे पाद्री आबे फारिया पॅरिसमध्ये नेमकं उलटं सांगत होते. संमोहन करणाऱ्याकडून रुग्णात जाणारा चुंबकीय द्रव वगैरे काही नाही, सामर्थ्य संमोहित होणाऱ्याच्याच मनात आहे, हे त्यांनी 1819च्या पुस्तकात मांडलं. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे.

आख्यायिका अशी की तरुणपणी पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले आणि त्यांची वाचाच बसली. मागून वडील कोकणीत कुजबुजले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ भीती पळाली. दोन वाक्यांची सजेशन, आणि तीही मातृभाषेत.

देवगडची लेक
‘कातर’? आम्ही भाजी चिरतो. कातरतात ती सुपारी.

जुना कोशवाचक
चिरणे विळीवर, कापणे सुरीने, कातरणे कात्रीने किंवा अडकित्त्याने. भाजीला ‘कातरणे’ लावलेलं मी मराठीत ऐकलेलं नाही.

मांडवीकाठ
काका, ती कोकणी आहे. तिला मराठीच्या विळीवर का धरताय?