गालफडं बसलीत, जबडा लोंबतोय: हायफू, थ्रेड की फिलर? (मदत हवी आहे)

रानजाई
वय ४९, नाशिक, बँकेत नोकरी. पाळी थांबली त्याच सुमारास साखर सीमारेषेवर आली, म्हणून खाणं आवरलं, चालायला लागले आणि आठ-नऊ किलो वजन उतरलं. रिपोर्ट बघून डॉक्टर खूश, चेहरा बघून नणंद काळजीत.

गालफडं बसलीत, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंतची रेघ खोल गेलीय आणि हनुवटीच्या दोन्ही बाजूंना जबड्याची कड जराशी लोंबते. फार नाही. वरून फोटो काढला तर कळणारही नाही, पण ऑनलाइन मीटिंगला लॅपटॉप खाली असला की सगळं उघडं पडतं.

‘वय स्वीकारा’ वगैरे प्रतिसाद कृपया नकोत. केस मी रंगवत नाही, वय लपवायची हौस नाही. काउंटरवर येणारं प्रत्येक माणूस ‘मॅडम, बरं नाही का?’ विचारतं, त्याचा मात्र वीट आलाय.

एका क्लिनिकमध्ये डॉक्टर भेटलेच नाहीत. काउन्सेलर मुलीने हायफूचं पॅकेज पुढे केलं, सूट म्हणे आजच्यापुरतीच. दुसरीकडच्या डॉक्टरांनी थ्रेड आणि थोडं फिलर सुचवलं. मला समजलं ते असं: हायफूमध्ये ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून कातडीखाली साडेचार मिलिमीटरपर्यंत उष्णता देतात. तिथे स्मास नावाचा थर असतो, फेसलिफ्टमध्ये सर्जन तोच ओढून घेतात. उष्णतेने कोलॅजन (कातडीला घट्ट धरणारं प्रथिन) आक्रसतं आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत नवीन तयार होतं. थ्रेड म्हणजे विरघळणारे धागे घालून कातडी वर उचलायची. फिलर म्हणजे जेल टोचून खड्डा भरायचा. दोघांचे उपाय इतके वेगळे कसे? चेहरा तर एकच आहे!

वर्ण गव्हाळ, गालांवर थोडा वांग आहे. चेहरा मुळातच लहान. बजेट पन्नास हजारांच्या आत. ज्यांनी करून घेतलंय त्यांनी खरं काय ते लिहा. शस्त्रक्रिया नको.

खारीक_बदाम
मी हायफू केलंय. भूल देणारं क्रीम लावूनही जबड्याच्या हाडाजवळ चांगलंच दुखतं, दातांत कळ जाते. सूज दोन दिवसांत गेली. घरात कोणाच्याही लक्षात आलं नाही. तिसऱ्या महिन्यात हनुवटीखाली फरक दिसला, गालांना काहीही नाही. पण माझा चेहरा तुझ्या उलट आहे गं, भरलेला. पैसे वाया गेले म्हणणार नाही, परत करेन असंही नाही.

दहिवर
चेहऱ्याचे व्यायाम करून बघितलेस का? मला बरं वाटतं. फोटोत फरक नाही, हेही खरं.

कातडीबचाव
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. चेहरा न बघता उपचार सांगणार नाही, पण दोघांचे उपाय वेगळे का, ते सांगतो.

चेहरा उतरतो तेव्हा तीन गोष्टी एकदम चालू असतात. कातडीतलं कोलॅजन कमी होतं. पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत ते सुमारे ३० टक्के घटतं. गालांतली चरबी आटते आणि खाली सरकते. हाडही थोडं झिजतं. तुमच्या बाबतीत वजन उतरल्यामुळे दुसरं कारण ठळक दिसतंय. आरसा घेऊन उताण्या झोपा. जबड्याची कड सरळ झाली, पण गालांतला खड्डा तसाच राहिला, तर तिथे भर कमी पडलीय. ढोबळ अंदाज आहे हा, निदान नव्हे.

बारीक चेहऱ्याच्या गालांवर खोलवर हायफू दिलं तर उरलीसुरली चरबीही कमी होऊ शकते. खारीक_बदाम यांच्या हनुवटीखाली कदाचित तेच उपयोगी पडलं, तुमच्या गालांत नुकसान करेल. पातळ कातडीत थ्रेड कधी हाताला लागतो, कधी वर खळी पडते. पीडीओ जातीचा धागा साधारण सहा महिन्यांत विरघळतो, तेव्हा वर्षानुवर्षं टिकणारा लिफ्ट असं कोणी म्हणालं तर उठून या.

फिलर थोडंसं, योग्य जागी दिलं तर बसलेल्या गालाला आधार मिळतो. पण ते रक्तवाहिनीत गेलं तर त्या भागातली कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून हायलुरोनिक आम्लाचंच घ्या, ते हायलुरोनिडेज टोचून विरघळवता येतं. ते इंजेक्शन क्लिनिकमध्ये हजर आहे का, हे आधी विचारा. सिरिंजचं खोकं तुमच्यासमोर उघडायला लावा आणि बॅचचा स्टिकर मागून घ्या.

वांग असल्यामुळे लेझर जपून. हायफू आणि रेडिओफ्रिक्वेन्सी (विद्युतलहरींनी कातडीत उष्णता देणं) रंगद्रव्याला लक्ष्य करत नाहीत, तरी उष्णतेने वांग भडकू शकतो. सुयांची रेडिओफ्रिक्वेन्सी कोणी सुचवली तर हेही माहीत असू द्या: ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने तिच्याबद्दल इशारा दिला. भाजणं, व्रण, चरबी घटणं, नसांना इजा अशा तक्रारी आल्या होत्या.

घाई कसली? वजन अजून उतरत असेल तर आज भरलेलं माप सहा महिन्यांनी चुकेल. आधी ते स्थिर होऊ द्या. पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका. टोचणाऱ्या व्यक्तीची पदवी बघा (त्वचारोगातली एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा प्लास्टिक सर्जरीची एमसीएच) आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. विमा यातलं काही देत नाही, जीएसटी वेगळा लागतो, तोही बजेटमध्ये धरा.

रानजाई
मनापासून आभार, डॉक्टर. झोपून बघितलं. जबडा सरळ, खड्डे जागच्या जागी. पॅकेजवाल्यांना फोन करून हायलुरोनिडेजचं विचारलं, तर ‘आमच्याकडे तसं कधी लागत नाही’ म्हणाले. तिथे जाणार नाही. वजन दिवाळीपर्यंत बघते, मग फिलरचा विचार. तोवर सनस्क्रीन आणि ट्रेटिनॉइन (ते अ-जीवनसत्त्वाच्या जातीचं क्रीम) लावू का? वांगावर चालेल? मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिलीय, लावली की चेहरा एकदम उजळतो.

कातडीबचाव
ट्रेटिनॉइन वांगावर चालतं, रात्री, मटारच्या दाण्याएवढं, आठवड्यातून दोनदापासून सुरुवात, तेही तपासणी करून. सनस्क्रीन रोज. बँकेत खिडकीजवळ बसत असाल तर तिथेही, काचेतून यूव्हीए किरण येतात. त्या ट्यूबवर मोमेटासोन, क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. ती स्टिरॉइडं आहेत, रोज लावली तर कातडी आणखी पातळ होईल. किती दिवस लावताय?