'डीसेन्सिटायझेशन'ला सरळ मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम
ईएमडीआर थेरपी सुरू करतेय, म्हणजे 'आय मूव्हमेंट डीसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग', त्रासदायक आठवणींवरचा मानसोपचार. हे नाव आईला कळेल असं मराठीत लिहायला बसले आणि डोळ्यांच्या हालचालींच्या पुढेच जाता येईना. डीसेन्सिटायझेशनला 'बधिरीकरण' लिहिलं तर म्हणते, भूल देणारेत का तुला? आणि ट्रॉमा म्हणजे 'आघात'च ना?

शेंडेफळ
असंवेदनीकरण.

खडीसाखर
शेंडेफळ, हा शब्द आधी स्वतः एका दमात म्हणून दाखवा. मी घेतलीये ही थेरपी. थेरपिस्टची बोटं डावी-उजवीकडे फिरतात, आपण मान न हलवता नजर त्यांच्यामागे न्यायची, त्याच वेळी तो प्रसंग मनात धरायचा, मग थांबून विचारतात आता काय येतंय, त्रास ० ते १० मध्ये किती. प्रसंग पुसला जात नाही हो, नुसती त्याची धार जाते. म्हणून मी म्हणेन 'बोथट होणं'.

तिरकस
बोथट माणूस म्हणजे कशाचंच काही न वाटणारा, कौतुकाने कोणी म्हणत नाही. आणि मुळात नावात डोळे तरी कशाला? फ्रान्सिन शपिरो बाईंना १९८७ साली बागेत फिरताना हे सुचलं म्हणून डोळे आले, नंतर हातावर टिचक्या मारून नि कानात आळीपाळीने आवाज देऊनही करायला लागले. टीकाकार तर म्हणतात डोळ्यांचं काहीच नाही, गुण येतो तो प्रसंगाला पुन्हा सामोरं गेल्यामुळे.

अर्धविराम
अहो, गुण येतो का हे विचारलंच नव्हतं. डब्ल्यूएचओने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी सुचवलीये, नुसत्या एंग्झायटीसाठी पुरावा तेवढा भक्कम नाही हेही माहितीये. शब्द सांगा!

पाटीपेन्सिल
आघात तबल्यावर पण होतो. आजी 'धसका' म्हणायची, 'त्या दिवसापासून पोरीने धसका घेतलाय'. धसणे म्हणजे आत रुतणे, ट्रॉमा दुसरं काय असतो?

शेंडेफळ
धसका 'धस्स' या आवाजावरून आला. शिवाय धसका लोक परीक्षेचाही घेतात. ट्रॉमा म्हणजे सल, शल्यवरून आलेला.

खडीसाखर
सल अपमानाचा असतो, अपघाताचा सल कोण म्हणतं?

तिरकस
धस्स वगैरे काही नाही. धसकट पायात घुसलंय का कधी? धसका तिथूनच.

शेंडेफळ
मग धसकटातला 'कट' कुठून आला तेही सांगून टाका.

पाटीपेन्सिल
पोरकटातून 😄