मदत हवी आहे : अँजिओप्लास्टीनंतरची पाठदुखी, साधी की धोक्याची?

सर्जिकलमधून नुकतीच कार्डिॲक वॉर्डला आले आहे. कॅथलॅबचे (अँजिओप्लास्टी होते ती खोली) पेशंट सांभाळणाऱ्या सिस्टर्सकडून मार्गदर्शन हवंय.

जांघेतून प्रोसिजर झालेला पेशंट शीथ (रक्तवाहिनीत घातलेली नळी) काढल्यावर ४ ते ६ तास पाय सरळ ठेवून पडून असतो. पाठ दुखणारच, निम्मे जण कुरकुरतात. पहिला तास दर १५ मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने बीपी, पल्स, जांघ आणि पावलाची नाडी बघतो. ड्रेसिंग कोरडं, जांघ मऊ, की चार्टवर सही. मला धास्ती त्याचीच वाटते. रक्त आतल्या आत, पोटाच्या मागच्या बाजूला साचत असेल तर ड्रेसिंग कोरडंच राहणार ना? मग बेडसाइडला ओळखायचं कसं? रात्री फोन केला की पहिला प्रश्न ‘ड्रेसिंग भिजलंय का?’ हाच येतो.

प्रतिसाद :
धास्ती रास्त आहे, ताई. पडून राहिल्याची पाठदुखी डोकं-पाय एका रेषेत ठेवून किंचित कुशीवर वळवलं, उशी दिली की बरीच हलकी होते. पंक्चरच्याच (जांघेत सुई टोचली त्याच) बाजूला कमरेत किंवा ओटीपोटात दुखतंय, पेशंट अस्वस्थ आहे, घाम फुटलाय, तर थांबू नका. बीपी नॉर्मल आहे का यापेक्षा कॅथलॅबमधून आला तेव्हा किती होतं ते बघा. १५० चा पेशंट ११० वर आला तर चार्टवर ते छानच दिसतं! बीटा ब्लॉकर (ठोके मंदावणारं औषध) चालू असेल तर पल्स वाढेलच असं नाही. पहिल्या हिमोग्लोबिनवरही विसंबू नका, ते उशिरा उतरतं. शीथ काढताना व्हेगलने (व्हेगस नसेच्या प्रतिक्षिप्त क्रियेने) पडलेलं बीपी सलाईन-ॲट्रोपिनने सावरतं. सावरून पुन्हा घसरलं तर रक्तस्राव धरूनच चाला. फोनवर ‘पाठ दुखतेय’ म्हणू नका. आधीचं बीपी, आत्ताचं बीपी, दुखण्याची बाजू, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किती दिलं, हे सलग सांगा. आणि पंक्चर नेहमीपेक्षा वर गेलंय का ते हँडओव्हरलाच विचारून ठेवा, आत रक्त जायचा धोका तिथेच जास्त.

धागाकर्ती :
खूप आभार. पंक्चर वर गेल्याचं आमच्या हँडओव्हरमध्ये कधीच येत नाही. नोट्समध्ये सापडतं का?

प्रतिसाद :
क्वचितच. पेशंट ताब्यात घेताना टेक्निशियनला तोंडी विचारा, त्याने स्क्रीनवर पाहिलेलं असतं.