सगळ्यांना एकाच सर्व्हरवर लॉगिन करायला लावणं हा छळ आहे म्हणे!

अर्धविराम (धागाकर्ता)
काल एक पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. मुद्दा असा: प्रत्येकाकडे लॅपटॉप असताना प्रोग्रामिंगच्या कोर्ससाठी विद्यापीठाच्या सामायिक मशीनवर एसएसएच (नेटवरून दूरच्या मशीनवर लॉगिन) करायला लावणं हा छळ आहे, ती टर्मिनलची काळी खिडकी आता संग्रहालयात ठेवा. खाली टाळ्याच टाळ्या.

हे लिहिणाऱ्याने सी भाषेच्या असाइनमेंट कधी तपासल्यात का? मी तपासतो. सर्व्हर सक्तीचा नव्हता तेव्हा प्रत्येकाचा कंपायलर वेगळा: एकाचं विंडोजवर मिनजीडब्ल्यू, दुसऱ्याच्या मॅकवर जीसीसी टाइप केलं की प्रत्यक्षात क्लँग चालणार, तिसऱ्याचं काहीच इन्स्टॉल होत नाही. कुणाचं व्हेरिएबल इनिशियलाइझ केलेलं नसतं, म्हणजे त्याला सुरुवातीची किंमतच दिलेली नसते. त्याच्या मशीनवर तिथे नशिबाने शून्य असतं, माझ्याकडे कचरा. मग "सर, माझ्याकडे चालतंय" वरून वाद. एक मशीन, एक कंपायलर, मेमरीच्या चुका पकडणारं वॅलग्राइंड आधीच बसवलेलं. ज्यावर लिहाल त्यावरच तपासणार. यात छळ कुठे आला?

रात्रपाळी
सबमिशनच्या आदल्या रात्री लॉगिन करून बघा, मग सांगतो छळ कुठे आला. मी दिवसा नोकरी करतो, माझा अभ्यास रात्रीच. एक अक्षर दाबलं की ते पडद्यावर उमटेपर्यंत पाणी पिऊन यावं. कोणीतरी लूपच्या आत फोर्क (नवी प्रोसेस सुरू करणारी आज्ञा) लिहिलेला, शेकडो प्रोसेस, मशीन आडवं. ॲडमिन झोपलेले. सकाळी ईमेलला उत्तर काय, तर "काम वेळेत सुरू करायला हवं होतं." वा!

खडूस_ॲडमिन
प्रत्येक युजरला प्रोसेसची मर्यादा घातली की फोर्कचा प्रश्न संपतो. कोणी घातली नसेल तर तो त्याचा आळस. खरा राक्षस वेगळा आहे: व्हीएस कोड हा एडिटर. रिमोट जोडलं की ते प्रत्येक पोराच्या होम डिरेक्टरीत आपला अख्खा सर्व्हर प्रोग्राम उतरवतं. वर नोडच्या प्रोसेस, वर सी प्लस प्लसचं एक्स्टेंशन अख्खा कोड चाळत बसतं. पोरगा लॅपटॉप मिटून निघून जातो, हे इकडे रॅम खात बसलेलं. मग डिस्कचा कोटा भरला म्हणून तोच मला तिकीट टाकतो. कशासाठी? चाळीस ओळींच्या प्रोग्रामसाठी!

टॅबप्रेमी
आली, टर्मिनलमधल्या विम एडिटरवाल्यांची वरात आली. रॅम कमी आहे तर रॅम घ्या की. मला ब्रेकपॉइंट लावून, प्रोग्राम मध्येच थांबवून व्हेरिएबल बदलताना दिसतं, म्हणून पॉइंटर कळले. तुमच्या काळ्या खिडकीत किमती छापायला प्रिंटएफ टाकत बसून नव्हते कळले.

खडूस_ॲडमिन
विमचं नाव मी घेतलं का? नॅनो हा साधा एडिटर आहे, खाली बटणं लिहिलेली असतात, वाचता येत असेल तर. टर्मिनलमधल्या जीडीबी डीबगरमध्येही ब्रेकपॉइंट लागतात. शिकायची तयारी नाही असं सरळ म्हणा.

टॅबप्रेमी
तयारी कुणाची काढताय? पहिल्या सत्रात माणूस लूप शिकेल, लिनक्स शिकेल, की तुमचा एडिटर शिकेल? सगळं एकदम अंगावर टाकायचं आणि जो बुडला तो आळशी!

रात्रपाळी
एडिटरवर भांडून झालं असेल तर माझंही ऐका. माझं नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. कनेक्शन तुटलं की टर्मिनल गोठतं, कंट्रोल-सी दाबून काही होत नाही. आधी एंटर, मग टिल्ड, मग टिंब दाबलं की गोठलेलं एसएसएच सुटतं, हे मला एका सीनियरने सांगितलं. टीमक्समध्ये काम केलं की नेट गेलं तरी सेशन सर्व्हरवर तसंच राहतं, हेही त्यानेच. कोर्समध्ये कोणी नाही. सक्ती करता, मग एवढं तरी शिकवा.

अर्धविराम
बरं, टीमक्स पहिल्या लॅबमध्ये हवं. मान्य. एवढंच मान्य.

जुना_कीबोर्ड
शिकवण्यावरून निघालंच आहे तर माझं जुनं दुखणं. एसएसएच जन्मलं विद्यापीठातच. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, कारण तेव्हाच्या टेलनेट लॉगिनमध्ये ते उघडेच जायचे. म्हणून तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. आणि आज माहितीपत्रकात काय असतं? "फिंगरप्रिंट विचारला की येस टाइप करा." अहो, फिंगरप्रिंट म्हणजे सर्व्हरची ओळख, तो पडताळायचा कशाशी? सर्व्हरचा फिंगरप्रिंट छापायला एक ओळ लागते. सर्व्हर नव्याने बसवला की ओळख बदलल्याचा मोठ्या अक्षरांत इशारा येतो, तेव्हा सल्ला काय, तर नोन होस्ट्स या ओळखीच्या सर्व्हरच्या यादीतली ओळ उडवा. कुलूप लावून किल्ली दारातच!

टॅबप्रेमी
इतिहास झाला? उपाय ऐका. डॉकरची इमेज द्या, म्हणजे सगळं बसवलेलं तयार लिनक्स एका पुडक्यात. तोच कंपायलर, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर. सर्व्हर बंद.

अर्धविराम
तोच कंपायलर, पण प्रोसेसर तोच नाही. नव्या मॅकवर ती इमेज एआरएम लिनक्सची चालते आणि तिथे नुसता कॅर (अक्षर ठेवायचा प्रकार) अनसाइन्ड असतो, म्हणजे त्यात ऋण संख्या मावत नाही. एक अक्षर वाचणाऱ्या गेटकॅरचं उत्तर कॅरमध्ये ठेवून ईओएफशी (इनपुट संपल्याची खूण, ती ऋण संख्या) ताडून बघा. सर्व्हरवर लूप थांबतो, मॅकवर थांबतच नाही. पुन्हा तेच, "सर, तुमच्याकडे चालतंय, माझ्याकडे नाही."

टॅबप्रेमी
हाहा, थांबा. गेटकॅर इंट (पूर्णांक) देतं. कॅरमध्ये ठेवणं हीच चूक. ती मॅकवर उघडी पडली आणि तुमच्या लाडक्या एकाच मशीनवर झाकलेली राहिली. म्हणजे तुमचा सर्व्हर चुकीच्या प्रोग्रामला पूर्ण मार्क देतो!

अर्धविराम
...हे उदाहरण मी द्यायला नको होतं. तरी तपासणीला एक मशीन लागतंच. लिहा कुठेही, शेवटी सर्व्हरवर चालवून बघा आणि मग जमा करा. खूश?

खडूस_ॲडमिन
मी नाही खूश. निदान काम संपल्यावर व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमधून होस्टवरचा सर्व्हर किल करत जा. माहितीपत्रकात पान ४ वर ठळक अक्षरांत लिहिलंय, पण वाचतो कोण.

रात्रपाळी
माहितीपत्रक कुठे मिळेल?

खडूस_ॲडमिन
सर्व्हरवर. कोर्सच्या फोल्डरमध्ये पीडीएफ आहे.

टॅबप्रेमी
पीडीएफ. काळ्या खिडकीत. नॅनोमध्ये उघडू का?